सोडा ब्रेड

सोडा ब्रेड हा यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने (सोडियम बायकार्बोनेट) फुगवलेला पाव होय. पीठ, मीठ, सोडा आणि आंबट ताक हे त्याचे चार मूळ घटक आहेत. पीठ आंबवावे लागत नाही आणि फारसे मळावेही लागत नाही. कालवल्यापासून तासाभरात पाव तयार होतो. अखंड गव्हाच्या पिठाचा, म्हणजे कोंडा न काढलेल्या कणकेचा, सोडा ब्रेड आयर्लंडमध्ये 'ब्राउन ब्रेड' या नावाने रोजच्या जेवणात असतो. महाराष्ट्रातील बट्टी आणि रोडगे हे त्याचे दूरचे नातलग म्हणता येतील. हा पाव करण्यास सोपा मानला जातो, परंतु त्याचे यश सोडा आणि आम्ल यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. मराठी घरांतील पातळ ताकाने केलेला पाव बहुधा याच कारणाने फसतो.

इतिहास

सोडा प्रचारात येण्यापूर्वी लाकडाच्या राखेतून काढलेले क्षार पीठ फुगवण्यासाठी वापरले जात. अमेलिया सिमन्स यांच्या 'अमेरिकन कुकरी' (१७९६) या पुस्तकात पर्लॅश, म्हणजे शुद्ध केलेला राखेचा क्षार, घालून केलेल्या पदार्थांच्या कृती आढळतात. वनस्पतींच्या राखेतून निघणारा सज्जीखार भारतातही जुन्या काळापासून परिचित असून पापडातील पापडखार त्याच कुळातला आहे. फ्रान्समध्ये निकोला लब्लां याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले आणि एकोणिसाव्या शतकात सोडा स्वस्त झाला. अमेरिकेत जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी १८४६ मध्ये खाण्याच्या सोड्याचा व्यवसाय सुरू केला. भारतात गुजरातच्या किनाऱ्यावरील मिठापूर येथे १९३९ मध्ये स्थापन झालेली टाटा केमिकल्स ही कंपनी सोडा ॲश आणि खाण्याचा सोडा या दोहोंची प्रमुख उत्पादक आहे.

आयर्लंडमध्ये हा पाव १८३० च्या दशकात रुजला. त्याच्या छापील कृती १८३६ पासून आढळतात. तेथील दमट, थंड हवेत पिकणारा गहू मऊ असतो. त्यात प्रथिने कमी असल्याने यीस्टच्या पावाला लागणारी ताणशक्ती त्याच्या पिठात नसते. सोड्याच्या पावाला मात्र हीच उणीव सोयीची ठरते, कारण त्यात वायू पटकन तयार होतो आणि पीठ लगेच भाजले जाते. ग्रामीण घरांत लोणी काढल्यावर उरलेले ताक असे, आणि भट्टी नसल्याने पाव 'बॅस्टिबल' नावाच्या तीन पायांच्या, झाकणाच्या लोखंडी भांड्यात भाजला जाई. भांडे विस्तवावर ठेवून झाकणावरही निखारे रचत. कोकणात धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची रीत याहून वेगळी नाही. उत्तर आयर्लंडमध्ये त्याच पिठाची जाड पोळी थापून तिचे चार तुकडे करतात आणि ते तव्यावर भाजतात. या तुकड्यांना 'फार्ल' म्हणतात. मूळ स्कॉट्स शब्दाचा अर्थ 'चौथा भाग' असा आहे.

गोल पावावर सुरीने फुलीच्या आकाराची खोल चीर देण्याची पद्धत आहे. तिचा संबंध कुठे धर्माशी, कुठे घरातील पऱ्या बाहेर घालवण्याशी जोडला जातो. प्रत्यक्षात जाड पावाच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचण्यास आणि पाव ठरल्या जागी उकलण्यास तिचा उपयोग होतो.

फुगण्याची क्रिया

खाण्याचा सोडा हा सौम्य अल्क आहे. ताकातील लॅक्टिक आम्लाशी त्याचा संयोग झाला की सोडियम लॅक्टेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतात. हा वायू पिठात बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो, भाजताना प्रसरण पावतो आणि पीठ घट्ट होईपर्यंत त्याला आधार देतो. ही क्रिया कालवताक्षणीच सुरू होत असल्याने पीठ तिष्ठत ठेवता येत नाही. ओव्हन किंवा कढई आधी तापवून मगच ताक ओतावे, हा नियम त्यातूनच आला आहे.

आम्लाशी संयोग न पावलेला सोडा उष्णतेने विघटित होतो. त्यातूनही थोडा वायू निघतो, पण मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचाच घटक, उरतो. पावाला साबणासारखी चव, पिवळसर डाग आणि जिभेवर खरखर येते ती यामुळे. थोडा सोडा जादा असला तर पावाचा पापुद्रा लवकर तांबूस होतो, आणि परंपरागत कृतींमध्ये तो किंचित जादाच असतो. मात्र ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

हिशेब साधा आहे. ९० ग्रॅम लॅक्टिक आम्ल ८४ ग्रॅम सोड्याला पुरते. चांगल्या आंबट, पाणी न घातलेल्या ताकात सुमारे ०.८ टक्के आम्ल धरल्यास ३५० मिलिलिटर ताकात २.८ ग्रॅम आम्ल असते आणि ते २.६ ग्रॅम सोडा पूर्णपणे वापरू शकते. त्यातून सामान्य तापमानाला सुमारे पाऊण लिटर वायू मिळतो. ४०० ग्रॅम पिठाच्या पावाला तेवढा पुरतो. महाराष्ट्रात जेवणासोबत पितात ते ताक मात्र दह्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी घालून केलेले असते. दह्याच्या तिप्पट पाणी घातलेल्या ताकात आम्ल जेमतेम ०.२ टक्के राहते आणि त्याच ३५० मिलिलिटरमध्ये ०.७ ग्रॅमहून अधिक सोडा खपत नाही. कृतीत लिहिलेला 'एक चमचा' सोडा, म्हणजे सुमारे ४ ते ५ ग्रॅम, अशा ताकात घातला तर त्यातील बहुतांश तसाच उरतो. पाव फुगला नाही म्हणून पुढच्या वेळी सोडा वाढवणे हा उपाय त्यामुळे उलटा पडतो. वाढवायचे ते आम्ल. पाणी न घातलेले, एक-दोन दिवसांचे आंबट दही घुसळून वापरणे सर्वांत बरे. ते नसल्यास लिंबाचा रस चालतो. एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर) लिंबाचा रस सुमारे १ ग्रॅम सोड्याला पुरतो.

बाजारातील पूड

मराठी स्वयंपाकघरात 'सोडा' या एकाच शब्दाने निरनिराळ्या वस्तू ओळखल्या जातात. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि याच पावासाठी तोच लागतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो तीव्र अल्क असल्याने खाण्यात येऊ देऊ नये, आणि सुट्या पुड्या एका फळीवर ठेवल्यास घोटाळा होण्याचा धोका असतो. पापडखारात कार्बोनेटचा अंश असतो, त्यामुळे तोही सोड्याच्या जागी चालत नाही. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत कोरडे आम्ल आणि पिठूळ भरण असते, म्हणून तिला ताक लागत नाही. ढोकळ्यात घालतात ते फ्रूट सॉल्टही सोडा आणि सायट्रिक आम्ल यांचेच मिश्रण होय. त्याने पाव फुगतो, पण वायू क्षणात निघून जातो.

समुद्रकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, बेकिंग पावडर आणि फ्रूट सॉल्ट डब्यातच ओलसर होऊन निकामी होतात. खाण्याचा सोडा त्या मानाने टिकतो. चिमूटभर सोड्यावर लिंबाचा रस पिळला असता जोरात फेस आला तर तो वापरण्याजोगा आहे. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी.

धान्ये आणि पालघर जिल्हा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गहू हे या जिल्ह्याचे पीक नव्हे. सखल भागात भात होतो आणि वाडा तालुक्यातील वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत उतारावर नाचणी आणि वरई घेतात. तांदळाची व नाचणीची भाकरी, नाचणीची आंबील आणि केळीच्या पानात थापून तव्यावर भाजलेली पानगी हे या भागातील घरगुती पदार्थ आहेत. बोईसर-तारापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहतीमुळे आणि १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुविद्युत केंद्रामुळे देशाच्या अनेक भागांतून लोक येऊन राहिले. त्यांच्यासोबत गव्हाची पोळी आणि लिट्टीसारखे पदार्थही येथे आले. गहू येथे बाजारातून किंवा शिधावाटप दुकानातून येतो आणि गिरणीत दळला जातो.

सोडा ब्रेड ही या जिल्ह्याची परंपरा नाही. फुगवलेल्या पावाची मात्र येथे जुनी ओळख आहे. वसईचा किल्ला आणि आसपासचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि 'पाव' हा मराठी शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला आहे. यीस्टची पाकिटे मिळू लागण्यापूर्वी फुगवण्याचे काम ताडी करीत असे. वसईकडील ख्रिस्ती घरांतील फुगे (तळलेले गोळे) आणि पारशी घरांतील भाकरा हे पदार्थ ताडी घालून करण्याची रीत होती. ताडीतील यीस्ट वायू तयार करते, पण त्याला काही तास लागतात. ताडी उतरवल्यावर दिवसभरात तिची आंबटाई झपाट्याने वाढत असल्याने प्रमाणही रोज बदलते. सोडा त्या तुलनेत निश्चित आणि जलद आहे, मात्र ताडीची चव त्याला देता येत नाही.

गिरणीत दळलेली कणीक आणि आयरिश पीठ यांत फरक आहे. चक्कीच्या पाट्यांमध्ये दाणा घासला आणि तापला जात असल्याने पिठातील पिष्टमय कण मोठ्या प्रमाणात दुखावले जातात. असे पीठ अधिक पाणी शोषते. पोळी मऊ राहते ती यामुळेच. सोडा ब्रेडच्या परदेशी कृतीतील ताकाचे प्रमाण म्हणूनच कणकेला अपुरे पडते आणि पाव कोरडा, भुगा होणारा निघतो. महाराष्ट्रात सहज मिळणाऱ्या लोकवन गव्हाची थोडी जाडसर दळलेली कणीक या पावाला मानवते. खपली गव्हाची कणीक सैल पडते, पण सोड्याच्या पावाला चिवटपणा नको असल्याने तीही चालते.

नाचणी, तांदूळ आणि वरई यांत ग्लुटेन नसते. गव्हात पाव भागापर्यंत नाचणी मिसळल्यास पावाचा आकार टिकतो. त्यापुढे तो पसरतो आणि कापताना कोसळतो. निव्वळ नाचणीचा पाव करायचा झाल्यास भाकरीचीच युक्ती उपयोगी पडते. एकतृतीयांश पिठाची उकड काढून ती पूर्ण गार करावी आणि उरलेल्या पिठात मिसळावी. उकडीतील शिजलेले पिष्ट ग्लुटेनची उणीव काही अंशी भरून काढते. उकड कोमट असतानाच सोडा घातला तर वायू भांड्यातच निघून जातो. पुरेशी काळजी घेऊनही असा पाव दाट राहतो, आणि त्याच पिठाची भाकरी अनेकांना अधिक आवडेल हेही खरे.

घरगुती कृती

एका पावासाठी ३०० ग्रॅम जाडसर कणीक, १०० ग्रॅम नाचणीचे पीठ, ६ ग्रॅम मीठ, ३ ते ४ ग्रॅम सोडा आणि सुमारे ३५० मिलिलिटर घट्ट आंबट ताक लागते. स्वयंपाकाचा काटा नसल्यास सोडा पाऊण लहान चमचा, काठोकाठ सपाट करून घ्यावा. सोड्याच्या गुठळ्या चाळणीने मोडून तो पिठात सर्वत्र मिसळणे आवश्यक असते, कारण राहिलेली प्रत्येक गुठळी पावात पिवळा, कडवट ठिपका होऊन दिसते. पिठाच्या मध्ये खळगा करून बहुतेक ताक एकदम ओतावे आणि बोटे फाकवून अर्ध्या मिनिटात पीठ एकत्र आणावे. ते पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल आणि चिकट असले पाहिजे. कोरडे वाटल्यास राहिलेले ताक घालावे. मळू नये. मळल्याने वायू निघून जातो आणि पाव चिवट होतो. पोळ्यांची सवय असलेल्या हातांना हे आवरणे सर्वांत कठीण जाते.

ओल्या हाताने सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा गोल थापून वर खोल फुली द्यावी आणि २०० अंश सेल्सिअसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ४० ते ४५ मिनिटे भाजावा. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, किंवा मध्ये खुपसलेली सुरी कोरडी निघाली, म्हणजे पाव झाला. वसईची सुकेळी बारीक चिरून किंवा बेदाणे घालून गोडसर प्रकारही करता येतो.

ओव्हन नसलेल्या घरात जाड बुडाच्या कढईत वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवतात, झाकण घालून १५ मिनिटे तापवतात आणि पावाचे भांडे आत ठेवून मंद-मध्यम आचेवर सुमारे तासभर भाजतात. वरून उष्णता कमी मिळत असल्याने माथा फिकट राहतो. शेवटची दहा मिनिटे पाव उलटा ठेवल्यास तो सुधारतो. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबरी कडी काढलेली असणे अत्यावश्यक आहे.

साधनांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची पद्धत तव्यावरची आहे. पीठ किंचित घट्ट कालवून दीड सेंटिमीटर जाडीची गोल भाकरी थापावी, तिचे चार तुकडे करावेत आणि भाकरीच्या तव्यावर तेल न लावता मंद आचेवर प्रत्येक बाजू ८ ते १० मिनिटे भाजावी. शेवटी तुकडे चिमट्याने उभे धरून कडा शेकाव्यात. आच मोठी केली तर बाहेरून करपून आत कच्चे राहते.

महाराष्ट्रातील सदृश पदार्थ

खानदेशातील वरण-बट्टीची बट्टी जाडसर दळलेल्या गव्हाची, काही ठिकाणी मका मिसळून, हळद, ओवा, मीठ, तेलाचे मोहन आणि चिमूटभर सोडा घालून करतात. ती गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात किंवा आधी वाफवून नंतर तळतात. विदर्भातील रोडगेही गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले जातात. बट्टीत आम्ल बहुधा नसते. सोडा केवळ उष्णतेने विघटित होतो आणि खुसखुशीतपणा मुख्यतः मोहनामुळे येतो. म्हणूनच तिच्यात सोडा चिमटीपुरताच ठेवतात, आणि उरणारी अल्क चव तूप व आंबट वरणात झाकली जाते.

पोषण

अखंड धान्यात कोंडा आणि अंकुर शाबूत राहत असल्याने मैद्याच्या पावापेक्षा तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे अधिक असतात. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्यानंतर नाचणीचे पाव आणि बिस्किटे यांचा प्रचार वाढला. तथापि सोडा ब्रेडबाबत दोन गोष्टी दुर्लक्षित राहतात.

पहिली फायटिक आम्लाची. कोंड्यातील हे द्रव्य लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना बांधून ठेवते व शरीरात त्यांचे शोषण कमी करते. आंबवताना धान्यातील आणि सूक्ष्मजीवांतील विकरे ते बऱ्याच अंशी तोडतात. तासाभरात होणाऱ्या सोड्याच्या पावाला हा अवधीच मिळत नाही. आहारात लोहाची उणीव असलेल्या कुटुंबांत हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. उपाय आंबिलीच्या जुन्या रीतीत आहे. नाचणीचे पीठ आदल्या रात्री ताकात भिजवून ठेवले तर फायटिक आम्ल घटते आणि ताकाची आंबटाईही वाढते. सकाळी त्यात कणीक, मीठ आणि सोडा घालून पाव भाजता येतो. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठही याच कारणाने सरस मानले जाते. जादा सोडा दुसऱ्या बाजूनेही नुकसान करतो. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) अल्क माध्यमात भाजताना नष्ट होते.

दुसरी गोष्ट सोडियमची. वरील कृतीतील ६ ग्रॅम मिठातून सुमारे २.४ ग्रॅम आणि ४ ग्रॅम सोड्यातून सुमारे १.१ ग्रॅम सोडियम येते. पावाचे आठ तुकडे केल्यास प्रत्येकात ४०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २ ग्रॅमहून कमी अशी आहे. भाकरीच्या पिठात मीठ घातलेच तर चिमूटभर असते. त्यामुळे रक्तदाबाचा विकार असलेल्या व्यक्तीने भाकरीऐवजी रोज सोडा ब्रेड खाणे हा 'आरोग्यदायी बदल' ठरत नाही. मीठ निम्मे करता येते. सोडा मात्र आम्लाच्या हिशेबाने ठरत असल्याने त्यात २.५ ग्रॅमपर्यंतच घट करता येते. गव्हाचा अंश असलेला कोणताही सोडा ब्रेड सीलिॲक विकाराच्या रुग्णांना वर्ज्य आहे.

साठवण

सोडा ब्रेडमध्ये चरबी जवळजवळ नसल्याने तो भाजल्याच्या दिवशीच चांगला लागतो. गरम पाव कापल्यास आतून गिचका वाटतो, म्हणून तो निदान अर्धा तास जाळीवर गार होऊ द्यावा. गार झाल्यावर सुती कापडात गुंडाळल्यास पापुद्रा मऊ राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि किनाऱ्याच्या पावसाळी हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी धरते. बुरशीचा भाग कापून उरलेला पाव खाणे सुरक्षित नसते, कारण बुरशीचे तंतू मऊ पावात खोलवर पसरलेले असतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाव लवकर शिळा होतो. तुकडे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर महिनाभर टिकतात आणि थेट तव्यावर शेकता येतात. शिळ्या पावाचा कुस्करा कांदा, मोहरी आणि कढीपत्त्याच्या फोडणीत परतून फोडणीच्या पोळीप्रमाणे खाल्ला जातो.